दौऱ्याला आम्ही तिघं होतो

"नाव लिहायचं नाही, सही करायची नाही. कोणाचा फॉर्म कोणता, हे मलासुद्धा कळणार नाही," असं म्हणून मी पेटी टेबलावर ठेवली.

पेटी म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. वाळवलेल्या वनस्पती बाहेरगावी पाठवायला आम्ही वापरायचो तसला. वरच्या बाजूला मी ब्लेडने फट पाडली होती आणि चारी कडांना चिकटपट्टी मारली होती. वनस्पतिशास्त्र विभागाच्या स्टाफरूममध्ये आम्ही बारा जण बसलो होतो. माझ्याखेरीज अकरा जणांच्या हातांत चार-चार पानी फॉर्म होते, आणि कोर्टाचं समन्स हातात पडावं तसे सगळे त्याकडे बघत होते.

"मगदूम, कळणार नाही म्हणतोस, पण वाचणार तूच ना?" थोरवतने विचारलं. थोरवत माझ्याबरोबर नोकरीला लागलेला, माझ्याच स्कूटरवर मागे बसून येणारा मित्र.

"वाचणार मी एकटा. टाइपही मीच करणार. नाडगौडा सरांकडे जाईल तो टाइप केलेला अहवाल. त्यात कुणाचं अक्षर दिसणार नाही."

"मग मामांनी काय घोडं मारलंय? वाचायच्या आधीच तू त्यांना ओळखशील. चारही कपाटांत त्यांचंच अक्षर."

सगळे हसले. रवळूमामाही हसले. रवळू गावडे हे आमच्या हर्बेरियमचे परिचर, चंदगडकडचे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. प्रत्येक झाडाची फांदी जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: झाडाचं नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. दहावी नापास मामांचं अक्षर असं मोत्यासारखं, की विभागप्रमुख नाडगौडा सरांनी सगळ्या चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांच्याकडेच दिलं होतं. दौरा कुठलाही असो, झाडं दाबायचा लाकडी प्रेस पाठीवर घेऊन मामा पुढे. आमच्या विषयात एक जुना दंडक आहे. लावलेली चिठ्ठी कधी काढायची नाही. चूक सापडली, तर दुरुस्तीची दुसरी चिठ्ठी शेजारी लावायची. हा दंडक मी दर वर्षी पोरांना शिकवायचो आणि मामा मागे उभे राहून मान डोलवायचे.

"मामा, तुम्ही नुसत्या खुणा करा," मी म्हणालो. "लिहायची सक्ती नाही."

"व्हय सर," मामा म्हणाले.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो आणि पुण्याला तीन दिवसांचं शिबिर करून ताजा ताजा परतलो होतो. कर्मचाऱ्यांना मोकळेपणाने विचारलं की विभाग सुधारतो, हे तिथे मला पटलं होतं. शिबिरात मिळालेली निळी फाइल मी तेव्हा सगळीकडे काखेत घेऊन फिरत होतो. विद्यापीठाने प्रत्येक विभागात असं सर्वेक्षण करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या विभागातून माझं नाव नाडगौडा सरांनीच सुचवलं. "मगदूम खोटं बोलत नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. "लोक त्याच्यावर विश्वास ठेवतील."

हे खरं होतं. मी खोटं बोलत नसे, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. माझी बायको म्हणायची, तुमचा खरेपणा चांगलाच आहे, पण त्याचं बिल नेहमी दुसऱ्याच्या नावावर येतं. मी हसण्यावारी न्यायचो.

बैठक संपल्यावर शुभांगी रेडेकर माझ्यामागोमाग व्हरांड्यात आली. ती आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढं मानधन, आणि दर जूनला नवी ऑर्डर. ऑर्डर आली तर पुढचं वर्ष, नाही तर घरी. ती सहा वर्षं अशीच टिकून होती. आमच्यात सगळ्यात जास्त तास तीच घ्यायची.

"सर, शेवटचा प्रश्न कोरा सोडला तर चालेल?"

शेवटचा प्रश्न होता: 'विभागातील वातावरण सुधारण्यासाठी आपणास काय सांगावेसे वाटते?' त्याखाली अर्धं पान मोकळं ठेवलं होतं. बाकी सगळ्या प्रश्नांना नुसत्या खुणा करायच्या होत्या.

"कोरा कशाला? तोच तर महत्त्वाचा. लिहा की मोकळेपणाने."

"तुमचं बरं आहे सर, तुम्ही कायम आहात." ती हसली. "मला जूनची ऑर्डर पाहिजे. पुढच्या वर्षी दोन कायम जागांची जाहिरात निघणार म्हणतात. मध्ये खंड पडला, की सहा वर्षं पाण्यात. माझ्या मुलीची शाळा बदलायची, घर बदलायचं, सगळं त्या ऑर्डरवर थांबलंय."

"अहो, मी शब्द देतो. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

तिने हातातल्या फॉर्मची घडी घातली. "तसं असेल तर बघते," म्हणाली आणि तासाला गेली.

त्या शनिवारी दुपारी मी पेटी फोडली. विभागात कोणी नव्हतं. अकराच्या अकरा फॉर्म आले होते, याचाच मला केवढा आनंद. पण पहिले सहा वाचता वाचता तो ओसरला. पाचांवर वरपासून खालपर्यंत 'पूर्ण समाधानी', आणि शेवटची जागा कोरी. सहाव्यात स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल तक्रार. हिरवी शाई म्हणजे आमचे लेखनिक.

सातव्या फॉर्मवर मात्र लिहिलेलं होतं. सुंदर, तिरकं, एका दमात रेघ ओढलेलं अक्षर. ते मी पहिल्या शब्दालाच ओळखलं. प्रात्यक्षिकांच्या गुणांच्या याद्यांवर सहा वर्षं मी तेच बघत होतो. रेडेकरांचं.

'डोंगरात झाड शोधणारा एक आणि चिठ्ठीवर नाव दुसऱ्याचे, असे होऊ नये. जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहायला लावतात, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनाला काय होते हे कोणी विचारत नाही. बाकी विभाग चांगला आहे.'

मी उठून दार लावून घेतलं. कशाबद्दल आहे ते कळायला मला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी नाडगौडा सरांना घाटात एक चिमुकलं ऑर्किड सापडलं होतं. बिनपानांचं, बोटभर, झाडाच्या सालीला चिकटून वाढणारं. आमच्या भागात त्याची पूर्वी कधी नोंद नव्हती. सरांचा निबंध छापून आला, सत्कार झाला, पेपरात फोटो आला. आणि रेडेकरांचं पीएच.डी.चं काम त्याच डोंगरउतारावर चाललेलं. दोन आणि दोन चार. झाड रेडेकरांना सापडलं होतं तर!

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं, तर त्याहून जास्त बरं वाटलं. घाबरलेल्या बाईने माझ्या शब्दावर विश्वास टाकून मन मोकळं केलं होतं. माझं सर्वेक्षण यशस्वी झालं होतं.

ते वाक्य अहवालात घ्यावं की नाही, यावर मी तासभर विचार केला. गाळता आलं असतं. 'श्रेयाबाबत नाराजी' असं दोन शब्दांत मोघम लिहिता आलं असतं. पण गाळणं म्हणजेही खोटंच, असं मी स्वतःला बजावलं आणि शब्दन् शब्द टाइप केला. बाकीचे फॉर्मही वाचले. थोरवतने पंख्यांबद्दल पान भरून लिहिलं होतं. मग सगळे फॉर्म कपाटात कुलूपबंद केले.

नाडगौडा सरांनी मंगळवारी बोलावलं. ते आरडाओरडा करणारे साहेब नव्हते. विद्यार्थ्यांच्या घरच्या अडचणी ते स्वतःहून विचारायचे, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्ताची सोय त्यांनीच केली होती. हे सगळं आठवलं, की मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

"बसा मगदूम. अहवाल उत्तम झालाय. कुलगुरूंना मी स्वतः नेऊन देणार." त्यांनी बेल वाजवून दोन चहा सांगितले. मग अहवाल उघडून माझ्याकडे फिरवला. "पान नऊ."

मी पान नऊकडे बघितलं.

"हे कोणी लिहिलं ते मी विचारणार नाही," सर म्हणाले. "तुम्ही शब्द दिलाय. शब्द पाळलाच पाहिजे."

"आभारी आहे, सर."

"पण माझी अडचण समजून घ्या. त्या दौऱ्याला आम्ही तिघं होतो. मी, थोरवत आणि रेडेकर. मी तर लिहिलेलं नाही." ते जरासे हसले. टेबलाच्या डाव्या बाजूची एक फाइल त्यांनी पुढे ओढली. "ही थोरवतांची बढतीची फाइल. उद्या माझ्या शेऱ्यासकट वर जायला हवी. आता जो माणूस मला चोर म्हणतो, त्याच्याबद्दल मी काय शेरा लिहायचा, तुम्हीच सांगा."

चहा आला. शिपाई कप ठेवून बाहेर जाईपर्यंत सर गप्प राहिले.

"तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारतो. नाव नकोच मला. फक्त एवढंच सांगा, थोरवत नाही ना?"

मला थोरवतचा चेहरा दिसला. नऊ वर्षं त्या बढतीची वाट बघत होता तो. त्याने बिचाऱ्याने पंख्यांखेरीज कशावर लिहिलेलं नव्हतं, आणि त्याची फाइल माझ्या एका शब्दावर अडली होती. निरपराध माणसाला वाचवायचं होतं, त्यात वावगं ते काय?

हे तेव्हाचं. पण मला तेव्हाही कळत होतं, की दोनांतून एक वजा केला की एक उरतो. शास्त्राचा माणूस आहे मी. मला कळत होतं, आणि तरी मी बोललो.

"नाही सर. थोरवत नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्यासमोरच फाइल उघडली, दोन ओळींचा शेरा लिहिला, सही केली, पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे रेडेकर," ते म्हणाले.

विचारलं नाही, म्हणाले. मान वर करून मात्र माझ्याकडे बघितलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. एक शब्द. पण ते अक्षर मी ओळखलं होतं, आणि ओळखूनही नाही म्हणायचं म्हणजे धडधडीत खोटं.

"मी त्याबद्दल काही बोलू शकत नाही, सर."

"नका बोलू. अगदी बरोबर आहे तुमचं. चहा घ्या, गार होतोय."

आणि मी तो चहा प्यालो. सगळा. आजही मला स्वतःची लाज वाटते ती त्या चहाची. बाहेर पडताना मी मनाशी घोकत होतो, मी नाव घेतलेलं नाही, मी शब्द मोडलेला नाही.

थोरवतची बढती एप्रिलमध्ये झाली. त्याने पेढे आणले. "तुझ्या सर्व्हेनं पंखे काही आले नाहीत, पण माझं काम झालं बघ," तो मला म्हणाला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, अजूनही नाही.

जूनमध्ये तासिका तत्त्वाच्या मुलाखती झाल्या. व्हरांड्यातल्या फळ्यावर यादी लागली. दोन नवी नावं वर, आणि रेडेकरांचं प्रतीक्षायादीत, तिसऱ्या क्रमांकावर. "यंदा तासच कमी आहेत," नाडगौडा सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या हातात असतं तर." मी माझी तासाची टिपणं चाळत राहिलो.  मामा कोपऱ्यात वर्तमानपत्रांचे तुकडे कापत होते. त्यांची कात्री थांबली आणि पुन्हा सुरू झाली, एवढं मला आठवतं.

रेडेकर त्या दिवशी आपलं सामान न्यायला आली. दोन पुस्तकं, एक डबा, मुलीचा टेबलावर ठेवलेला फोटो. मी हातातलं काम सोडून तिच्या टेबलाशी गेलो. 

"सर, ते फॉर्म अजून तुमच्याकडे आहेत?"

"आहेत. कुलपात आहेत."

"जाळून टाका."

"अहो, आता..." आता जाळून काय उपयोग, असं माझ्या तोंडावर आलं होतं. तिचं जायचं ते गेलंच होतं. फॉर्म राहिला काय, जळला काय, तिला काय फरक पडणार होता?

"आजच जाळा सर. माझ्यासमोर जाळा. एवढं तरी कराल ना?"

'एवढं तरी' म्हणताना ती माझ्याकडे सरळ बघत होती. तेव्हा मला कळलं, की हिला कळलंय. मी खाली मान घातली. विभागाच्या मागे पालापाचोळा जाळायचा खड्डा होता. भर दुपारी आम्ही दोघं तिथे उभे राहिलो आणि मी अकराही फॉर्म एकेक करून पेटवले. सगळे जळाल्यावर तिने चपलेच्या टोकाने राख विस्कटली, एक अर्धवट राहिलेला तुकडा पुन्हा आगीत ढकलला.

"येते सर," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. बेळगावला कुठेतरी क्लास घेते, एवढं उडत उडत कानावर आलं. ज्या दोन कायम जागांची ती वाट बघत होती, त्या पुढच्याच वर्षी भरल्या गेल्या.

नाडगौडा सर निवृत्त झाले. मग थोरवत विभागप्रमुख झाला, त्याच्यानंतर मी. सर्वेक्षणं आता ऑनलाइन होतात, दर वर्षी होतात, आणि दर वर्षी सगळे पूर्ण समाधानी असतात.

रवळूमामा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दुपारी तीनला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी माझ्या भाषणात त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं. चारही कपाटं मामांची आहेत, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. समारंभ आटोपल्यावर मामा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर शाल तशीच.

"सर, एक काम हुतं."

"या की मामा. बसा."

ते बसले. माझ्यासमोर खुर्चीवर ते अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच बसत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीतून एक चिठ्ठी. हर्बेरियमची. पिवळी पडलेली, कोपऱ्यांवर डिंकाचे डाग. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

मोत्यासारखं अक्षर. ते ऑर्किड, तो घाट, ती तारीख. आणि खाली, 'गोळा करणारा: र. भ. गावडे.'

"झाड मला गावलं हुतं सर," मामा म्हणाले. "फणसाच्या सालीवर. मी वर चढून काढलं. मोठे सर म्हणाले, शाब्बास रवळू. चिठ्ठी लिवली तवा त्यांनीच सांगितलं, तुझं नाव घाल. मग आठ दिसांनी म्हणाले, ही फाड, दुसरी लिव, माझं नाव घाल. लिवली. पण ही काय फाडवंना. ठिवली."

मी चिठ्ठीकडे बघत राहिलो. 'लिहिणाऱ्याच्या मनाला काय होते हे कोणी विचारत नाही.' ते वाक्य मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. विभागात चिठ्ठ्या लिहिणारा एकच माणूस होता.

"मामा, तो फॉर्म..."

"माझाच सर. तुम्ही म्हणालासा, अक्षर कुणाला दिसणार न्हाई. पण तुम्हाला तर दिसणार हुतं. माझं अक्षर कुठं लपतंय? म्हणून मी रेडेकर मॅडमना म्हणालो, तेवढं लिवून द्या. त्यांनी माझं बोलणं नीट भाषेत घालून लिवलं. त्यांनी सोताच्या फॉर्मवर नुसत्या खुणा केल्या, सगळीकडं चांगलं म्हणून. शेवटची जागा कोरी. मला म्हणाल्या, मामा, मला जूनची ऑर्डर पाहिजे."

 तो खड्डा, ती राख, चपलेचं टोक. स्वतःचं सगळं जाऊनही ती फॉर्म जाळायला का सांगत होती, ते मला अठरा वर्षांनी कळलं.

"ऑर्डर गेली तवा मी मोठ्या सरांकडं जायला निघालो हुतो," मामा सांगत होते. "मॅडमनी हात जोडले. म्हणाल्या, माझी गेली ती गेली, तुमची पोरं शिकायची हायत, दोघांनी कशाला बुडायचं? मी ऐकलं. माझी पोरं शिकली सर. मी दर दिवाळीला बेळगावला जातो, त्यांच्याकडं. एक दिस बी त्यांनी काय बोलून दाखवलं न्हाई."

 मग ते चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "आता खुर्ची तुमची हाय. लावलेली चिठ्ठी काढायची न्हाई, शेजारी दुसरी लावायची, हे तुम्हीच पोरांना शिकवता. ही तिथं लावा. माझं नाव ऱ्हाईल म्हणून न्हाई. त्या बाईचं गेलं ते कशापायी गेलं, त्याला काय तरी खूण ऱ्हाऊ दे."

"लावतो मामा," मी म्हणालो. "उद्याच लावतो."

"एक इचारू सर?"

"विचारा."

"त्यांचं नाव फुटलं कसं? मी त्या आठवड्यात आण्णाप्पा ड्रायव्हरजवळ बोललो हुतो, मॅडमनी लिवून दिलं म्हणून. मला वाटलं त्यानंच मला झाकून मॅडमचं नाव पुढं केलं. त्या दिसापासनं त्याच्याशी बोललो न्हाई. सतरा वर्सं. मरताना बी म्हणत हुता, रवळू, मी कुणाजवळ बोललो न्हाई रे. गेल्या साली गेला."

मी टेबलावरची चिठ्ठी उगाच सरळ केली.

"आता वाटतं, खरंच बोलला नसंल. मग कोण? मोठ्या सरांना कसं कळलं?"

"त्यांना वाटलं, दौऱ्याला ते तिघंच होते," मी म्हणालो.  "ते, थोरवत आणि रेडेकर."

"तिघं?" मामांनी माझ्याकडे बघितलं. "चौघं हुतो की. ड्रायव्हर धरला तर पाच. प्रेस कुणाच्या पाठीवर हुता?"

खरंच, कुणाच्या पाठीवर होता? नाडगौडा सरांनी मोजलं नाही, ते सोडा. मीही मोजलं नव्हतं. 'म्हणजे रेडेकर,' असं ते म्हणाले तेव्हा खोटं नको म्हणून मी जो शब्द ओठांतच आवळून धरला, तो 'नाही' खरा होता.

"बरं, तिघं धरू," मामा हळूहळू म्हणाले, एकेक बोट मिटत. "मोठे सर आपलं सोडून. ऱ्हायले दोघं. थोरवत सर न्हवंत हे त्यांना कोण तरी सांगितलं असणार. फॉर्म तर..."

ते थांबले. मिटलेली बोटं तशीच राहिली.

फॉर्म तर तुमच्याकडंच हुते, असं ते म्हणाले नाहीत. मी तोंड उघडावं, एवढी वाट त्यांनी बघितली. फार वेळ बघितली. मी सांगायला हवं होतं. सांगणारच होतो. पण जीभ उचलेना, आणि त्या केबिनमध्ये, त्याच टेबलाशी, मी दुसऱ्यांदा गप्प बसलो.

मामांनी मान हलवली, दंडक शिकवताना मागे उभे राहून हलवायचे तशीच. मग पुढे वाकून चिठ्ठी उचलली, पिशवीत घातली, पिशवी पाकिटात.

"मामा, ती असू द्या. मी लावतो. शब्द देतो."

"नको सर," ते म्हणाले. "ही माझ्याकडंच बरी हाय."

त्यांनी कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, शाल नीट केली आणि निघून गेले.

या दोन वर्षांत मी दोनदा त्यांच्या गावच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. दोन्ही वेळा फाट्यावरच्या टपरीत चहा घेतला आणि परत फिरलो. चौथ्या कपाटात ते ऑर्किड आहे. त्या कागदावर अजून एकच चिठ्ठी आहे, अक्षर रवळूमामांचं, नाव नाडगौडा सरांचं.